मागचं डावं चाक

चिमी सव्वादोनला झोपली. झोपली म्हणजे पापण्या मिटल्या, पण मूठ अजून आईच्या बोटाभोवती घट्ट होती. ती मूठ सोडवणं हे त्या घरातलं सगळ्यात नाजूक काम. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, आणि मध्येच एखादा उसासा आला की सगळं पहिल्यापासून. दहा महिन्यांत आईचा हात त्यात चांगला बसला होता. त्याआधी सहा वर्षं याच हातांनी तिने गॅरेजमध्ये गाड्यांचे ब्रेक उघडले होते. गंजलेली पीन जोर लावून निघत नाही, जरा इकडे, जरा तिकडे अशी मनधरणी करत काढावी लागते, हे ती तिथेच शिकली. मुठीचंही तसंच होतं.

चिमी पाऊण तास झोपायची. कधी पंचवीसच मिनिटं. एकदा सव्वा तास झोपली तेव्हा आईने घाबरून तीनदा तिच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं होतं.

आज त्या पाऊण तासात एक चाक उघडायचं होतं.

सोमवारी उस्तादांना उत्तर द्यायचं होतं. उस्ताद म्हणजे गॅरेजचे मालक, तिला पाना धरायला शिकवणारे. त्यांचा फोन येऊन गेला होता. "पोरी, तुझी जागा मी वर्षभर धरून ठेवली. लोक म्हणतात म्हातारा चळला. पण आता ब्रेकच्या गाड्यांची रांग लागलीये. सोमवारी येतेस तर ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. राग मानू नकोस."

राग कसला मानायचा. गॅरेज अकरा किलोमीटरवर, त्याला लागूनच पाळणाघर. बसने जायचं तर दोनदा बदलायची, कडेवर लेकरू, खांद्यावर तिची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर आपली. गाडी दारात उभी होती. पण गाडीची किल्ली सासऱ्यांच्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली होती, आणि गेले तीन आठवडे तिने त्या खिळ्याला हात लावलेला नव्हता.

कारण मागचं डावं चाक. त्याचे ब्रेक पॅड आठ महिन्यांत दोनदा झिजून संपले. उजव्या चाकाचे अर्धेही झिजत नव्हते. दुसऱ्या खेपेचे पॅड तर तिने स्वतः बसवले होते, चिमीच्या तीन दुपारच्या झोपांमध्ये हप्त्याहप्त्याने. दोन महिन्यांत पुन्हा करकर सुरू झाली. सासऱ्यांनी गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने चाकात डोकावून पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "काका, घरात कोणी बाई चालवते का? हँडब्रेक न सोडताच पळवत असणार."

संध्याकाळपर्यंत ते घरभर झालं. नवरा म्हणाला, "तसं नसेलही, पण होतं गं माणसाकडून." सासूबाई म्हणाल्या, "लेकरू मागे रडत असलं की लक्ष उडतंच." दोघंही मायेने बोलले, आणि तीच पंचाईत होती. कोणी रागावलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सासरे ताटातला चमचा इकडून तिकडे करत राहिले, आणि हात धुवायला उठताना म्हणाले, "कारण कळत नाही तोवर लेकराला घेऊन गाडी बाहेर काढायची नाही."

सासऱ्यांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. त्यातल्या एका वर्षी एकही अपघात नाही म्हणून मिळालेल्या मानपत्राची तसबीर हॉलमध्ये टांगलेली होती. गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

आपण हँडब्रेक ओढून गाडी चालवली नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी ठाऊक होतं. मग एकदा तिने चहात मीठ घातलं, एकदा नळ चालू ठेवून कपडे वाळत घालायला गेली, एकदा चिमीला कडेवर घेऊन चिमीलाच घरभर शोधलं. झोप अर्धीमुर्धी झालेल्या सकाळी तिला वाटायचं, कोण जाणे, ओढलेला असेलही. पाळण्यापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं, ओट्यापासून मोरीपर्यंत सहा. एवढ्या अंतरात माणूस गोल गोल फिरत राहिलं की स्वतःची साक्षसुद्धा पटेनाशी होते.

आज सासरे जुन्या सोबत्यांकडे पत्ते खेळायला गेले होते. साडेतीनशिवाय येत नसत. तिने खिळ्यावरची किल्ली काढली. सहा वर्षांत शेकडो किल्ल्या हातात घेतल्या असतील, पण ही चोरल्यासारखी वाटली.

सासूबाई पुढच्या पायरीवर भाजी निवडत होत्या. "कुठे निघालीस?"

"कुठे नाही आई. चाक बघते."

"घरात कमी आहेत का बघायला? तो पाळणा करकरतोय तो बघ आधी."

"त्याला सकाळीच तेल घातलं."

"मग बघ बाई. ती उठली तर मी आहे."

घर गल्लीच्या उताराच्या मधोमध होतं. गाडी नाक वर करून उभी. तपासायचं तर हँडब्रेक सोडावा लागणार, आणि सोडला तर गाडी मागे घसरणार. म्हणून चाकांना उटी हवी. सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत बसच्या काळातल्या दोन उट्या होत्या, चाकाखाली सारायच्या लाकडी पाचरी, तेल पिऊन काळ्या पडलेल्या. तिने त्या पुढच्या दोन्ही चाकांमागे ठोकून बसवल्या. पेटीतून पाने काढले. सगळे गंजलेले होते. दहा नंबरचा तेवढा लखलखीत होता. तिने तो बाजूला ठेवला आणि जॅक लावला.

चाक निघालं तेव्हा पावणेतीन होत आले होते. आतली डिस्क, चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, निळसर पडली होती. फार वेळा तापलं की लोखंडाला अशी झाक येते. तिच्या दोन्ही अंगांना घासून गाडी थांबवणारे पॅड तिने काढले आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही बिस्किटाच्या शेवटच्या तुकड्याएवढे उरले होते. पण दोन्ही सारखे.

ती तिथेच थांबली. दोन्ही सारखे.

पॅडना धरणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या पिना अडकल्या असत्या तर एकच पॅड खाल्ला गेला असता, आतला. तिने पिना ओढून पाहिल्या. तिनेच लावलेलं ग्रीस अजून ओलं होतं, लोण्यातून निघावी तशी पीन निघाली. पॅडला रेटणारा पिस्टन फिरवून मागे ढकलला. तोही निमूटपणे गेला. म्हणजे कॅलिपर गुणी होता. त्याला कोणीतरी धरून ठेवत होतं.

ती आत वाकली, हँडब्रेक वर ओढला, पूर्ण खाली सोडला, आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. हँडब्रेकच्या केबलच्या टोकाला कॅलिपरवर एक छोटा दांडा असतो. हँडब्रेक सोडला की त्याने मागे जाऊन आपल्या जागेवर टेकायचं. उजवीकडचा टेकला होता. डावीकडचा टेकायला काडेपेटीतल्या काडीएवढा कमी पडत होता. तेवढंच. तेवढ्या फटीपायी ते चाक आठ महिने पाय ओढत चाललं होतं.

डावी केबल मुळातच जरा ताठ, हे तिला माहीत होतं. पण ढील असेपर्यंत ती परत जात होती. ढील कोणी काढली?

ढील कमीजास्त करायचा नट हँडब्रेकच्या दांड्याखाली, रबरी झाकणात. तिने झाकण उचललं.

उस्तादांकडे एक नियम होता. ज्या नटाला हात लावला त्यावर रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. उद्या गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर रेघ बघायची. जुळत असेल तर नट आपण सोडला तिथेच आहे. तुटली असेल तर आपल्यामागे दुसरा हात लागला. मागच्या खेपेला पॅड बसवताना तिच्याकडे रंग नव्हता, म्हणून लग्नातली लाल नखपॉलिश वापरली होती. एवीतेवी बाटली वाळतच चालली होती.

लोखंडावरची अर्धी रेघ तशीच होती. नटावरची गायब. तिने बोट फिरवून पाहिलं तेव्हा ती मागच्या बाजूला सापडली, आणि नट आट्यांवर चांगला वर चढलेला. एकदोनदा नव्हे, पुष्कळदा, थोडाथोडा आवळलेला. कडा पान्याने चकाकल्या होत्या.

तिने दहाचा पाना उचलला. त्याच्या जबड्यात आतल्या बाजूला लाल कण अडकले होते.

तीन आठवडे. तीन आठवडे ती स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊन त्या अकरा पावलांत फिरत होती, आणि हे चमचा इकडून तिकडे करत होते.

वरच्या खिडकीतून 'आं' असा एक आवाज आला. मग थोडी शांतता, कोणी येतंय का बघण्यापुरती. मग पूर्ण गळा. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. ती उठेपर्यंत सासूबाई आत गेल्याही होत्या. थोड्या वेळाने त्या चिमीला कडेवर घेऊन आल्या. चिमीच्या गालावर उशीची घडी उमटली होती. आईला गाडीतून अर्धी बाहेर आलेली बघून ती हसली आणि हात पसरले.

"नको गं, मी घाण झालेय." चिमीला ते पटलं नाही. ओठ काढून ती रडायच्या बेतात आली, तशी आईने नाकाचं टोक तिच्या पोटावर टेकवलं. तेवढंच एक स्वच्छ होतं.

"सापडलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडलं. आई, हा नट कोण आवळतं?"

सासूबाईंनी नटाकडे पाहिलं नाही, पान्याकडे पाहिलं. "रविवारी गाडी पुसतात ना ते."

"पुसायला पाना लागत नाही."

सासूबाई पायरीवर बसल्या. चिमीच्या हातात त्यांनी घेवड्याची एक शेंग दिली, ती तिने लगेच डोळ्यात घालायचा प्रयत्न केला.

"तुझा नवरा तीन वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा जुनी गाडी होती. ह्याच उतारावर. हे फाटक उघडायला उतरले. वळून बघतात तर गाडी निघालीये खाली, आत एकटं पोर. हे मागून धावतायत. खाली कोणाच्या बांधकामाची वाळू पडली होती, तिच्यात जाऊन रुतली. पोराला ओरखडासुद्धा नाही. खिडकीतून तोंड काढून म्हणतो, बाबा, परत."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी हे बस घेऊन गेले. कोणाला बोललो नाही. ती तसबीर त्याच वर्षाची. रोज पुसतात, पण कधी वाचताना बघितलंयस?" त्यांनी चिमीच्या हातातली शेंग काढून घेतली. "तुझ्या नवऱ्याला माहीत नाही. तुलाही सांगायचं नव्हतं. पण ही गाडीत बसायला लागल्यापासून ह्यांची झोप गेलीये. तू कामावर जायचं म्हणालीस की त्या रविवारी पाना निघतो. मला वाटलं, आवळतायत तर आवळू देत, आवळलेलं काय वाईट?"

तिने काळे हात चिंधीला पुसले. निघण्यासारखे नव्हते. आज जेवताना हे सांगितलं तर किल्ली तिची होती. पण मग नवरा विचारणार, का आवळलं, आणि सासऱ्यांना त्या तसबिरीखाली बसून उत्तर द्यावं लागणार. न बोलता नट सैल केला तर पुढच्या रविवारी तो पुन्हा वर, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तिच्याच नावाने बोंब. बोललं तरी अडकली, गप्प राहिली तरी अडकली.

फाटक वाजलं. आज पत्ते लवकर आटोपले होते. सासऱ्यांनी आधी सुटलेलं चाक पाहिलं, मग उट्या, मग उघडं रबरी झाकण. तिथे त्यांची नजर थांबली.

"किल्ली घेतलीस," ते म्हणाले.

"हो." बरंच काही बोलायचं होतं. ते आजोबांना बघून चिमीने मारलेल्या आनंदाच्या किंकाळीत मागे राहिलं. तिने मागवून ठेवलेले नवे पॅड बसवले, कॅलिपर जागेवर घातला, आणि हँडब्रेक पाचसहा वेळा ओढून सोडला, पॅड डिस्कपाशी येईपर्यंत. "बाबा, जरा बसा इथे. ही थाळी हाताने फिरवून बघा. हँडब्रेक सोडलेला आहे."

ते गुडघ्यावर हात ठेवून सावकाश बसले. एका हाताने फिरवली. हलली नाही. दोन हातांनी जोर लावला तशी करवतल्यासारखी थोडी सरकली.

"अडकलीये."

"हं." तिने आत वाकून दहाच्या पान्याने नट सोडला. एक फेरा, दोन, तीन, रेघ रेघेला जुळेपर्यंत. "आता."

थाळी त्यांच्या बोटांखालून फिरली, थोडी कुजबुजत, पण फिरली. त्यांनी ती पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. त्यांचा हात थाळीवरच राहिला.

"आम्ही कधी खाली वाकलोच नाही," ते म्हणाले. "डेपोत वहीत लिहायचं, ब्रेक आवळून द्या. सकाळी आवळून मिळायचे. आवळलं की भीती नाही, एवढंच ठाऊक." त्यांनी उघड्या झाकणाकडे पाहिलं. "म्हणजे तू हँडब्रेक ओढून कधीच..."

"नाही, बाबा."

"तो मेकॅनिक बोलला तेव्हा मला खरंच वाटलं, की तुझंच..." वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी ते पुरं करावं म्हणून ती थांबली. मग नाही थांबली.

"वर ओढताना पाच कटकट व्हायला हव्यात," ती म्हणाली. "सहा झाल्या तरी चालतील. तीन झाल्या की समजायचं, मागे चाक मरतंय. उताराला नट पुरत नाही, उटी लागते. दोन्ही आहेत आपल्याकडे."

"उटी मी लावीन," ते म्हणाले.

जेवताना त्यांनी स्वतःच सांगितलं, "तो नट मी आवळत होतो. हिचं काही नव्हतं." नवऱ्याचा घास हातात राहिला. "पण का बाबा?" "सवय," ते म्हणाले, आणि सासूबाईंनी त्यांच्या ताटात न मागता भाजी वाढली. नवरा बायकोकडे वळून म्हणाला, "सॉरी गं." ती म्हणाली, "पाणी दे."

सोमवारी तिने खिळ्यावरची किल्ली घेतली. हे अकरा किलोमीटर तिने तीन आठवडे मनात चालवले होते. काच खाली, मागे चिमी, बाकी कोणी नाही. पिशवी घेऊन ती गाडीशी आली तर मागच्या सीटवर, चिमीच्या खुर्चीशेजारी, सासरे पट्टा लावून बसलेले. दोन्ही उट्या पायाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

"मी नुसता बसतो," ते म्हणाले. "तू चालव."

तिने आरशात पाहिलं. चिमीने त्यांच्या बुशकोटाचं बटण पकडलं होतं. उतरा असं सांगायला तोंड उघडावं लागतं, ते तिचं उघडलं नाही. तिने गाडी काढली.

मोठ्या चौकाच्या चढावर सिग्नल लाल झाला. तिने हँडब्रेक ओढला, पाच कटकट. दोन सीटांच्या मधून मागून एक हात आला आणि दांड्यावर येऊन बसला. तो वर ओढणार हे तिला कळलं. तिने आपला हात त्याच्यावर ठेवला. खालची बोटं गार होती.

"नाही सुटणार, बाबा."

"माहीत आहे."

हात गेला नाही, पण ओढलंही नाही. हिरवा लागला. तिने बटण दाबून दांडा खाली केला, त्यांच्या हातासकट.

"पूर्ण खाली गेला का?"

"पूर्ण."

गॅरेजच्या अंगणात गाडी लावून ती उतरली आणि सवयीने मागच्या डाव्या चाकाच्या फटींपाशी हाताची मागची बाजू धरली. मग पलीकडे जाऊन उजव्यापाशी. डावं कोमट, उजवं कोमट. वळली तर सासरेही डाव्या चाकाशी वाकले होते, तिच्यासारखीच हाताची पाठ धरून. मग ते उजवीकडे आले.

"सारखंच आहे," ते म्हणाले.

उस्ताद शटरखालून बाहेर आले. "आलीस? आणि हे कोण, गिऱ्हाईक पण बरोबरच आणलंस?"

"मी उटी लावायला आलोय," सासरे म्हणाले, आणि सपाट अंगणात, जिथून गाडी ढकलूनही सहज हलली नसती, चाकामागे उटी नीट ठोकून बसवू लागले.

चिमीला पाळणाघरात सोडताना पुन्हा ती मूठ. करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. बोट सुटल्यावर ती हात तसाच हवेत धरून थोडा वेळ उभी राहिली. परत आली तर सासरे गाडीशी उभे होते.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

किल्ली तिच्या मुठीत होती. "उद्या मी आणि चिमीच जाऊ, बाबा."

त्यांनी उटीकडे पाहिलं. पायाने ती उगाच जरा आत सारली.

"शुक्रवारपर्यंत येतो," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत येऊ दे."

आज सोमवार. तिने मनात बोटं मोजली. मग मान हलवली, आणि आत जाऊन रांगेतली पहिली गाडी जॅकवर घेतली. चाक काढताना तिचं लक्ष शटरकडे गेलं. बाहेर सासरे गाडीच्या मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसले होते, पाय जमिनीला टेकून, दुसरी उटी मांडीवर घेऊन.